अपेलंटतर्फे कोण उभे होते

मुंबई हायकोर्टाचे जुने निकाल ज्या जाड खंडांत छापले गेले, त्यांतल्या प्रत्येक निकालाची मांडणी ठरलेली आहे. वर पक्षकारांची नावे, त्याखाली निकालाचा गोषवारा, मग खटल्याची हकिगत. न्यायमूर्तींचे म्हणणे सुरू होण्याआधी एक आखूड ओळ येते: अपेलंटतर्फे अमुक, रिस्पॉन्डंटतर्फे तमुक. एवढ्या छपाईत वकिलाच्या वाट्याला तेवढीच जागा. न्यायमूर्तींची नावे खंडाच्या सुरुवातीला, पक्षकारांची खटल्यांच्या यादीत, कायद्याचे मुद्दे सूचीत. वकिलांची सूची कोणी केली नाही. हे खंड हाताळणाऱ्याला आपल्या खटल्यासाठी दाखला हवा असे. दीडशे वर्षांपूर्वी त्यात कोण उभे होते, याच्याशी त्याला काय करायचे होते?

त्यामुळे आपल्या घरातला वकील शोधायचा तर खंडामागून खंड पान न् पान उलटण्याखेरीज इलाज नव्हता. १८६२ ते १८७५ या काळाचे बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्सचे बारा खंड, १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका, १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टर. आमच्या बारच्या ग्रंथालयात यांतले बरेच आहेत आणि त्यांची पाने बोटांना चिकटून तुकडे होऊन येतात. यांतले पुष्कळ खंड स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर आले, त्यांत शब्द शोधता येऊ लागला, आणि त्या आखूड ओळीतली माणसे पहिल्यांदाच हाताला लागू लागली. मी गेली काही वर्षे त्यांच्या मागावर आहे.

मी नगरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे करते. वडील वकील, आजोबा वकील, पणजोबा वकील, आणि पणजोबांचे वडील अदालतीचे शास्त्री. हे सगळे आमच्या कुलवृत्तान्तात आहे, पण एकेका ओळीत. विसाव्या शतकात आपल्याकडे घराण्याघराण्यांनी कुलवृत्तान्त छापले. खपणाऱ्या मंडळींनी पोस्टकार्डे पाठवून, गावोगाव हिंडून माहिती जमवली. त्या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही त्यांत जन्म, लग्न, मुलगे आणि नोकरी यांपलीकडे काही सापडत नाही. आमच्या खापरपणजोबांपुढे लिहिले आहे, ‘नगर अदालतीत शास्त्री होते.’ पणजोबांपुढे, ‘डिस्ट्रिक्ट प्लीडर, नगर. स्वभाव करारी.’ करारी म्हणजे कोणाशी, कशावरून, हे समजायला कोर्टाचे कागदच पाहावे लागतात.

पेशवाईत फी घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारा वर्ग न्यायाच्या कामात नव्हता. वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहत, तक्रीर लिहून देत, जामीन देत, गोताची किंवा पंचांची सभा बसे आणि निवाडपत्र होई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली छापलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही सारी पद्धत कागदपत्रांवरून मांडली आहे. सनद घेतलेला वकील आला तो कंपनी सरकारबरोबर. बंगालात १७९३ च्या रेग्युलेशनने त्याची सुरुवात झाली. आपल्याकडे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ साली, रेग्युलेशनांचा जो संच तयार झाला, त्यातल्या दुसऱ्या रेग्युलेशनात दिवाणी कोर्टांबरोबर वकिलांचेही नियम आले. १८४६ च्या कायद्याने हा धंदा कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला झाला आणि फी आपसात ठरवण्याची मोकळीक मिळाली. १८६२ मध्ये सदर अदालत आणि सुप्रीम कोर्ट जाऊन हायकोर्ट आले. तेव्हापासून वकिलांच्या पायऱ्याच पडल्या. मूळ शाखेत बॅरिस्टर आणि ॲडव्होकेट, त्यांच्या हाताशी सॉलिसिटर. अपील शाखेत हायकोर्ट वकील. आणि जिल्ह्यात, तालुक्यात डिस्ट्रिक्ट प्लीडर. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने या पायऱ्या काढून सगळ्यांना एका रांगेत आणले. पूर्वज शोधणाऱ्याने आधी हे पक्के करायचे की आपला माणूस कोणत्या पायरीवर होता, कारण प्रत्येक पायरीचा कागद वेगळ्या ठिकाणी पडलेला आहे.

घरात बॅरिस्टर असेल तर काम सोपे. लंडनच्या चारही इन्सनी आपल्या प्रवेशांच्या नोंदी जपल्या आहेत. इनर टेंपलच्या नोंदी तर घरबसल्या पाहता येतात, त्यांत बापाचे नाव आणि गावही मिळते. बद्रुद्दीन तय्यबजी मिडल टेंपलचे, गांधीजी इनर टेंपलचे, बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे. सावरकरही ग्रेज इनचेच, पण परीक्षा होऊनही त्यांना बॅरिस्टरी दिली गेली नाही. मोठ्या माणसांचे कागद मोठ्या ठिकाणी राहतात. एलएल.बी. झालेल्यांची नावे मुंबई विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरांत आहेत. डिस्ट्रिक्ट प्लीडर मात्र ना लंडनला गेला, ना त्याला पदवी लागे. परीक्षा दिली, सनद घेतली, तालुक्याच्या कोर्टाबाहेर बैठक टाकली. महाराष्ट्रातल्या बहुतेक वकील घराण्यांचा मूळ पुरुष हाच आहे, आणि त्याचाच माग काढणे सर्वांत अवघड.

त्याआधी शास्त्रीबुवांबद्दल. अदालतीत इंग्रज जज्ज बसे, त्याला हिंदू धर्मशास्त्र येत नसे. म्हणून प्रत्येक जिल्हा अदालतीला एक शास्त्री नेमलेला असे. वारसाचा, दत्तकाचा, स्त्रीधनाचा प्रश्न आला की कोर्ट त्याला लेखी प्रश्न घाली आणि तो आधारांसह उत्तर देई. ही व्यवस्था १८६४ च्या कायद्याने बंद झाली. इतक्या वर्षांत पुरेसा दाखला साठला आहे, आता जज्जाला स्वतःच कायदा समजतो, असे सरकारने मानले. त्याच सुमारास रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या कोर्टांच्या दप्तरांतून शास्त्र्यांची उत्तरे निवडून त्यांचा संग्रह केला. पहिला भाग १८६७ मध्ये निघाला. तो आज कोणालाही पडद्यावर उघडता येतो.

मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा कामाची फाइल बाजूला राहिली. आधी प्रश्न, मग उत्तर, मग आधारांची ओळ: मिताक्षरेचे अमुक पान, व्यवहारमयूखाचे तमुक. खाली संपादकांची टीप, कधी होकाराची, कधी ‘शास्त्र्यांचे हे म्हणणे ग्राह्य नाही’ अशा अर्थाची. उत्तराच्या शेवटी जिल्हा आणि तारीख. शास्त्र्याचे नाव नाही. ज्याने मिताक्षरा धुंडाळून आधार काढला, त्याच्या जागी फक्त ‘अहमदनगर’ आणि सालतारीख. आमचे खापरपणजोबा जर कुठे शिल्लक असतील तर ते या निनावी उत्तरांत. नगरची उत्तरे मी एका वहीत उतरवून घेतली आहेत. सावत्र मुलाचा हक्क, वेगळ्या झालेल्या भावाची विधवा, धाकट्या घरात गेलेला दत्तक. माणसे मेली, वाडे पडले, आणि प्रश्न मात्र तेच आहेत. यातले तीन प्रकार तर या वर्षी माझ्याच टेबलावर आहेत.

या उत्तरांकडे नुसते घरचे कौतुक म्हणून पाहू नये, असे मला वाटते. पुढे हायकोर्टाने ‘मुंबई शाखेचा हिंदू कायदा’ म्हणून जे ठरवले त्याच्या मुळाशी हीच उत्तरे आहेत. महाराष्ट्रातल्या विधवेला नवऱ्याची किंवा भाऊबंदांची परवानगी नसतानाही दत्तक घेता येतो, हे हायकोर्टाने रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात १८६८ साली मान्य केले. इतर प्रांतांत ती मोकळीक नव्हती. पुणे, नगर आणि खानदेश या भागांत नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख मिताक्षरेच्या जवळजवळ बरोबरीने मानला जातो, हाही कायद्याच्या पुस्तकांतला नियम. नीलकंठाचे घराणे मूळ पैठणचे, काशीला जाऊन राहिलेले. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८८० मध्ये केले ते विश्वनाथ नारायण मंडलिकांनी, आणि मंडलिक होते हायकोर्ट वकील. शास्त्र्याची पोथी वकिलाच्या हाती गेली ती अशी, एकाच पिढीच्या आत. आमच्या घरातही तेच घडले. बापाची जागा १८६४ मध्ये गेली आणि मुलाने १८८० च्या सुमारास प्लीडरची सनद घेतली.

आता शोधण्याची रीत सांगते, कारण मला पत्रे येतात ती बहुतेक याच ठिकाणी अडलेल्यांची.

आडनावाने शोधू नका. एकोणिसाव्या शतकातल्या रिपोर्टांत वकील बहुधा स्वतःच्या आणि बापाच्या नावाने येतो: नानाभाई हरिदास, शांताराम नारायण, धीरजलाल मथुरादास. पक्षकारांचेही तसेच. अख्ख्या देशात गाजलेला १८८५ चा खटला ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ म्हणूनच छापला आहे. आडनावाने शोधणाऱ्याला तो सापडायचाच नाही. बाया ‘कोम’ लावून नवऱ्याच्या नावाने, कुणबी ‘बिन’ लावून बापाच्या नावाने. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल. आमच्या घरात दोनच नावे पिढ्यान् पिढ्या आलटून पालटून येतात, तेव्हा काका कोणता आणि पुतण्या कोणता हे साल पाहूनच ठरवावे लागते.

मग स्पेलिंग. १८६० पूर्वीच्या कागदांत इंग्रज कारकून कानाला जसे ऐकू येई तसे लिहीत. गणेशमधला ‘ग’ ‘जी-यू’ असा, विठ्ठल ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा, आणि नगर म्हणजे ‘नुग्गुर’. पुढे सरकारने एकसारखी पद्धत लावली. दीर्घ ‘आ’ दाखवायला इंग्रजी ‘ए’वर तिरकी रेघ देऊ लागले. गॅझेटिअरांत, लॉ रिपोर्टांत सगळीकडे ती रेघ आहे, वाचायला सुरेख. पण पानाचे फोटो काढून त्यावरून अक्षरे ओळखणारे यंत्र त्या रेघेने फसते. रेघवाल्या ‘ए’ला ते ‘डी’ समजते. म्हणजे नारायण हे नाव शोधयंत्राच्या पोटात ‘एन-डी-आर-डी-वाय-ए-एन’ असे पडलेले असते. नाशिकच्या दुसऱ्या अक्षरालाही ‘डी’, रामचंद्रच्याही. पणजोबांच्या बापाच्या नावात नारायण आहे. मी नीट इंग्रजीत ‘नारायण’ लिहून शोधत होते तोवर पडदा कोरा. ‘ए’च्या जागी ‘डी’ घालून शोधले तशी ओळीमागून ओळ येऊ लागली. माझ्यापाशी आता अशा बिघडलेल्या स्पेलिंगांची दोन पानी यादी आहे आणि मागेल त्याला मी ती पाठवते.

पणजोबा त्या आखूड ओळीत दोनच ठिकाणी आहेत, दोन्ही १८९० नंतर, म्हणजे हायकोर्टाची सनद घेतल्यावरचे. एकात ते अपेलंटतर्फे आहेत आणि हरले आहेत. पाण्याच्या पाटाचा वाद, गाव श्रीगोंदे तालुक्यातले. निकालात त्यांच्या युक्तिवादाची चार वाक्ये दिली आहेत. ती चार वाक्ये वाचताना मला माझ्या वडिलांची पद्धत दिसली: आधी समोरच्याचा मुद्दा कबूल करायचा, मग त्याची मर्यादा दाखवायची. वडील लहान असतानाच पणजोबा वारले होते. पद्धत आजोबांमार्फत आली असणार.

तिसरा उल्लेख सापडला तो कोर्टाच्या पुस्तकांत नव्हे. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांचे अहवाल स्कॅन झालेले आहेत. त्यांच्या शेवटी प्रतिनिधींची कोष्टके असतात: नाव, जात किंवा धर्म, धंदा, गाव, आणि कोणत्या सभेने निवडून पाठवले. १८८९ साली मुंबईत अधिवेशन भरले, सर विल्यम वेडरबर्न अध्यक्ष होते, आणि योगायोग असा की प्रतिनिधीही १८८९ होते. कोष्टकाच्या धंद्याच्या रकान्यात ‘प्लीडर’ हा शब्द पानापानावर येतो. सांगली, धुळे, सातारा, नगर, जिथे जिथे दिवाणी कोर्ट तिथला एक तरी. पणजोबा तिथे आहेत, नगरच्या जाहीर सभेने निवडलेले. आमच्या घरात हे कोणालाही ठाऊक नव्हते. कुलवृत्तान्तात स्वभाव आला आणि ही गोष्ट राहिली. ज्यांच्या घरात त्या काळातला वकील आहे त्यांनी ही कोष्टके आधी पाहावीत, असे मी सगळ्यांना सांगते. सार्वजनिक सभा, नगरपालिका, वाचनालय, शाळा यांच्या चालकांत हीच माणसे होती. पुण्याचे ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी वकीलच. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बचावाला १८७९ मध्ये ते उभे राहिले. त्या खटल्यात फडक्यांच्या बाजूने असलेले महादेव चिमणाजी आपटेही वकील. पुण्याचा आनंदाश्रम त्यांनी काढला. फी मिळवून उरलेल्या वेळात त्यांनी हा उद्योग केला. उपकारांची ही बाजू मी आनंदाने लिहिते, कारण पुढची बाजूही लिहायची आहे.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. तात्या, म्हणजे पणजोबा, कुणब्यांचे वकील होते. सावकाराचे वकीलपत्र त्यांनी कधी घेतले नाही. माझी आत्या आता नव्वदीच्या घरात आहे, ती हे फार अभिमानाने सांगते. मलाही लहानपणापासून ही गोष्ट आवडत आली. पण १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा मूळ स्वरूपात वाचला, आणि तिच्याबद्दल मनात शंका आली.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकाने-घरे फोडली आणि खतपत्रांच्या होळ्या केल्या. लोण नगर जिल्ह्यातही आले: पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर तालुका. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. खत, गहाण, हुकूमनामा. सरकारने चौकशी समिती नेमली. सावकार दावा लावतो, कुणबी हजर राहत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो आणि दरखास्तीत जमीन जाते, ही साखळी चौकशीत उघड झाली. मग पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा कायदा आला. त्याने कोर्टाला खतामागे जाऊन व्यवहाराचा हिशेब पहिल्यापासून तपासायला सांगितले, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद केले, हप्ते बांधून द्यायची सोय केली. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली खास जज्ज म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतली कोर्टे तपासत फिरले.

या कायद्याचे ६८ वे कलम वकिलांबद्दल आहे. समेट घडवणाऱ्या पंचांपुढे, गावच्या मुन्सफापुढे, आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात सबजज्जापुढेही कोणत्याही पक्षाला वकील देता येणार नाही. पुढच्याच कलमात, सावकाराने वकील दिला आणि शेतकऱ्याची ऐपत नसली तर कोर्टाने त्याच्यासाठी योग्य माणूस उभा करावा, अशी तरतूद. कायदा करणाऱ्यांच्या मनात वकिलाचे जे चित्र होते ते या दोन कलमांत स्पष्ट आहे: वकील म्हणजे सावकाराचा माणूस. कुणब्याच्या दाव्यांची रक्कम बहुधा किरकोळ. म्हणजे कुणब्यांचा वकील होऊ म्हणणाऱ्याला या जिल्ह्यात त्या काळी फारसे कामच मिळण्याजोगे नव्हते. घर कुणब्यांच्या फीवर उभे राहिले हे कायद्याच्या हिशेबात बसेना.

याचा पुरावा मला शोधून मिळाला नाही, तो चालत आला. पारनेर तालुक्यातले एक शिक्षक आपल्या शेताची जुनी कागदपत्रे जुळवत होते. त्यांच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एक हुकूमनामा निघाला, १८८४ सालचा. त्यावर वादीच्या वकिलाचे नाव या खेपेला आडनावासकट होते. त्यांनी नगरच्या बारमध्ये चौकशी केली, कोणीतरी माझा नंबर दिला. “ताई, तुमच्याच घरातले का हो हे?” एवढेच विचारून त्यांनी फोटो पाठवला.

कागद जाडसर, घडीवर फाटलेला, मजकूर मोडीत. वादी सावकार, वकिलामार्फत. प्रतिवादी कुणबी, ‘जातीने हजर’. मागणी तीनशे बारा रुपयांची. कोर्टाने हिशेब पहिल्यापासून काढला आणि एकशे चाळीस रुपये मान्य केले, तेही वर्षाला वीसच्या हप्त्यांनी. खाली खर्चाचा तपशील दोन रकान्यांत: दाव्याचा स्टँप, वकीलपत्राचा स्टँप, समन्स बजावणीचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, आणि वकील फी नऊ रुपये पाच आणे नऊ पै. फीच्या ओळीसमोर पणजोबांचे नाव. प्रतिवादीच्या रकान्यात त्या ओळीवर नुसती आडवी रेघ.

मी तो आत्याला वाचून दाखवला. मोडीतले नाव तिने स्वतः बोट ठेवून वाचले, तिला मोडी येते. थोड्या वेळाने म्हणाली, “तात्यांचंच नाव आहे. लिही तू. सगळं लिही.”

सावकाराचे वकीलपत्र घेणे यात गैर काही नाही. पक्षकार कोणीही असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे, या तत्त्वावर मी रोज काम करते. घराण्याने त्या नऊ रुपयांची आठवण पुसून टाकली आणि तिच्या जागी सोयीची गोष्ट ठेवली, हे मात्र मला मान्य नाही. ज्या कुणब्याचे नाव त्या कागदावर आहे, त्याच्या घरात ही आठवण पत्र्याच्या पेटीत सांभाळून ठेवली होती. कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीसाठी मी मजकूर पाठवला आहे त्यात राष्ट्रीय सभेची निवड आहे आणि हा हुकूमनामाही आहे, एकाखाली एक.

आमच्या घरात कोर्टाची पायरी चढलेली मी पहिली बाई. म्हणून या यादीतली एक पोकळी मला सारखी खुपते. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकात जन्मल्या, १८९६ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात एका बाईच्या बचावाला उभ्या राहिल्या, पण वकील म्हणून नाव लागायला १९२१ उजाडले, तेही अलाहाबादला. बायकांना वकिलीची दारे कायद्याने उघडली ती १९२३ मध्ये. त्याआधीच्या साठ वर्षांच्या रिपोर्टांत बायका खूप आहेत, पण त्या सगळ्या ओळीच्या वरच्या बाजूला, पक्षकार म्हणून. पोटगी मागणाऱ्या, दत्तक टिकवणाऱ्या, स्त्रीधनासाठी भांडणाऱ्या. आपली खापरपणजी शोधणाऱ्याने लॉ रिपोर्ट चाळावेत. सातबाऱ्यावर, कुलवृत्तान्तात, वंशावळीत जी सापडत नाही ती बाई तिथे स्वतःच्या नावाने, स्वतःची तक्रार घेऊन उभी असते.

जे स्कॅन झाले ते छापील. हायकोर्टाचे निकाल, सरकारी अहवाल, गॅझेटिअर. पुण्याच्या गोखले संस्थेच्या गाडगीळ ग्रंथालयाने आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ने केलेल्या कामाचे ऋण माझ्यासारख्या पुष्कळांवर आहे. पण तालुका कोर्टातला दावा, कैफियत, वकीलपत्र, रोजनामा हे सगळे हस्तलिखित आणि बरेचसे मोडीत. मुदत संपलेले कागद नष्ट करण्याचा पहिला कायदा आला तोही १८७९ मध्येच. १९१७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि तो अजून चालू आहे. कोर्टांना जागा हवी, हे मी जाणते. रेकॉर्ड रूममध्ये काम करणाऱ्यांचे हालही रोज पाहते. तरीही एकोणिसाव्या शतकातला जो हुकूमनामा, जे रजिस्टर आज शिल्लक आहे, त्याचे पान काढून टाकण्याआधी एक फोटो घेतला जावा, एवढे मागणे मी आमच्या बारच्या सभेत मांडले आहे. मोडी वाचणारी तरुण मुले नगरात आहेत. त्यांना बसायला एक टेबल आणि रेकॉर्ड रूमची परवानगी लागते.

पारनेरच्या गुरुजींना माझ्या पणजोबांशी अर्थातच काही कर्तव्य नव्हते. त्यांना हुकूमनाम्यातला सर्व्हे नंबर हवा होता. मोडीतला आकडा मी लावून दिला. तो घेऊन आम्ही सरकारच्या ‘आपले अभिलेख’वर गाव निवडले आणि जुने फेरफार उघडले. एकत्रीकरणात त्या सर्व्हे नंबराचा गट झाला आहे, आणि गटात आजही त्यांच्या चुलत्याचे नाव आहे. म्हणजे हप्ते फिटले होते, जमीन दरखास्तीत गेली नव्हती. मधल्या तीन फेरफारांची नक्कल मिळवायचा अर्ज त्यांनी दिला आहे, आणि त्यांतला एक वारसाचा फेरफार वादाचा निघाला तर वकीलपत्र माझ्याकडे द्यायचे त्यांनी ठरवले आहे.